बनी तो बनी, नहीं तो परभणी

आमच्या जिल्ह्याबद्दल दोन म्हणी साऱ्या महाराष्ट्रात ठाऊक आहेत. एक, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ती आम्ही छाती फुगवून सांगतो. दुसरी, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. ती आम्ही जरा खालच्या आवाजात सांगतो. जमलं तर जमलं, नाही तर आपली परभणी आहेच. नट व्हायला मुंबईला निघालेल्या प्रत्येक मुलाला स्टेशनावर सोडायला आलेलं कुणी ना कुणी ही दुसरी म्हण ऐकवतंच.

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्या घरी आले. घरी कापसाची शेती. मुलगा बारावी झालेला, गणपतीतल्या एकांकिकेत बक्षीस मिळवलेला. वडील म्हणाले, “सर, मुंबईला तीन महिन्यांचा अभिनयाचा क्लास हाय म्हनतेत. पोरगं ऐकंना. फी भरायची तर औंदाचा सगळा कापूस जातो. तुम्ही नाटकातले. तुम्ही सांगा, भरावं का?”

मी नाटकातला म्हणजे शाळामास्तर. तीस वर्षं मुलांची नाटकं बसवली, स्वतः स्पर्धेत कामं केली, आकाशवाणीवर श्रुतिका केल्या. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून परत पाठवलं. आज जे बोलणार आहे, तो त्या विचाराचाच भाग आहे. आपल्याकडे माणूस अभिनय शिकला तरी कुठे, आणि शिकला तरी कसा?

तालमीचे दिवस

‘तालीम’ हा शब्दच पाहा. अरबीतून आलेला, अर्थ शिक्षण. आपण तो दोनच जागी वापरला, कुस्तीच्या आखाड्यात आणि नाटकात. दोन्हीकडे पुस्तक नाही. वस्ताद सांगणार, पठ्ठ्याने करायचं.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा नटाच्या हातात लिहिलेले संवादही नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा, आणि पात्रांनी प्रसंग ओळखून आयत्या वेळी बोलायचं. म्हणजे मराठी नटाचा पहिला धडा हजरजबाबीपणाचा होता. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं. आता शब्द पक्के झाले, पदांच्या चाली पक्क्या झाल्या, आणि त्या पक्क्या करून घेणारा माणूस लागू लागला. तो म्हणजे तालीम मास्तर.

गोविंद बल्लाळ देवल यांना आपण ‘शारदा’चे नाटककार म्हणून ओळखतो. पण त्यांच्या काळातल्या नटांना ते ठाऊक होते तालीम देणारे म्हणून. वाक्यात भार कोणत्या शब्दावर द्यायचा, पद संपल्यावर गद्यावर कसं उतरायचं, हे ते बारकाईने घोटून घेत. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते देवांनी दिलेला गळा घेऊन. पण बोलणं, चालणं, पदर सावरणं यामागे देवलांसारख्यांची मेहनत होती.

कंपनीत आलेलं पोर आधी पडेल ते काम करायचं. मग गर्दीत उभं राहायचं, मग दोन वाक्यांची भूमिका. पण रोज रात्री ते विंगेत उभं राहून मोठ्या नटाचं काम पाहायचं. एकच नाटक शंभर वेळा पाहिलं की कुठे टाळी येते, कुठे लोक खोकायला लागतात, हे अंगात मुरतं. आजच्या भाषेत सांगायचं तर राहण्याजेवण्यासह निवासी शिक्षण होतं ते.

त्यात दोषही होते. मास्तर जसं म्हणेल तसंच म्हणायचं, त्यामुळे गुरूची लकब शिष्यात उतरायची आणि शिष्याची त्याच्या शिष्यात. भूमिका करण्याऐवजी एखाद्या नामांकित नटाने केलेली भूमिका पुन्हा करणं, असा प्रकार सर्रास चाले.

या साच्याला पहिला मोठा धक्का १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने दिला. स्त्रीची भूमिका स्त्रीने केली, बोलणं घरातल्यासारखं झालं. त्याच मंडळीतले के. नारायण काळे यांनी पुढे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांचा अभिनयावरचा ग्रंथ ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणला. ‘मी या माणसाच्या जागी असतो तर काय केलं असतं?’ हा साधा प्रश्न नटाने स्वतःला विचारायचा, असं त्या रशियन गृहस्थांचं सांगणं. आमच्या पिढीने त्या पुस्तकाची पारायणं केली. निम्मं कळलं, निम्मं कळल्यासारखं केलं!

दारातला संबळ

पण मंडळी, हे सगळं सांगली, पुणे, मुंबईचं. परभणीत काय होतं? बरीच वर्षं माझं उत्तर होतं, काहीच नव्हतं. हे उत्तर चूक होतं, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

मी सात-आठ वर्षांचा असताना मामाच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला. चौक मांडला, दिवटी पेटली, कमरेला बांधलेला संबळ कडाडला. नायकाच्या गळ्यात कवड्यांची माळ. आधी देवादिकांना आवाहन झालं आणि मग मध्यरात्रीच्या सुमाराला आख्यान लागलं. ते होतं जांभूळ आख्यान. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी दडलेली ओढ एका जांभळाच्या निमित्ताने कशी बाहेर येते, त्याची गोष्ट.

तो एकटा माणूस द्रौपदी झाला, भीम झाला, कृष्ण झाला. वेष बदलला नाही, रंग लावला नाही. खांद्यावरच्या शेल्याचं टोक डोक्यावर आलं की द्रौपदी. तोच शेला कमरेला आवळला की भीम. आणि कृष्ण? कृष्णासाठी त्याने काहीच केलं नाही. नुसता थांबला, मान किंचित कलती केली आणि साथीदाराकडे बघून हसला. अंगणातल्या बायाबापड्या हात जोडायला लागल्या. द्रौपदीला मनातलं बोलायची वेळ आली, तेव्हा त्याने संबळ थांबवायला लावला. तेवढी शांतता मी नंतर मोठमोठ्या थिएटरांतही फार थोड्या वेळा अनुभवली.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेषभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे मनातून उमटणाऱ्या भावाचा. मी हे बीएडनंतर पुस्तकात वाचलं. पण चारही प्रकार मी त्या रात्री पाहिले होते, आणि आहार्याच्या नावाखाली तिथे फक्त एक शेला होता.

गोंधळ्यांचं शिक्षण घरातच चालतं. मी पाहिलेल्या घरांत पोराच्या हाती आधी दिवटी येते. मग तुणतुणं, मग संबळ, आणि सगळ्यात शेवटी आख्यान. म्हणजे कित्येक वर्षं नुसतं ऐकायचं आणि साथ करायची. साथीदाराचं काम तर फारच अवघड. तो नायकाला मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, हसवतो, कथा रेंगाळली की पुढे ढकलतो. समोरच्याचं नीट ऐकणं हा अभिनयाचा अर्धा भाग, असं आज कार्यशाळांतून शिकवतात. तो धडा आमच्याकडे तुणतुण्यावर शिकवला जात होता.

परभणीचे राजाराम कदम यांचं नाव या क्षेत्रातले जाणकार आदराने घेतात. त्यांना गोंधळमहर्षी म्हणत. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरने अशोकजी परांजपे यांच्या पुढाकाराने लोककलांचा शोध घेतला, ‘खंडोबाचं लगीन’, ‘जांभूळ आख्यान’ यांसारखे प्रयोग रंगमंचावर आणले. शाहीर विठ्ठल उमप यांनी जांभूळ आख्यान असं रंगवलं की शहरी प्रेक्षक थक्क झाला. पुढे मुंबई विद्यापीठात लोककला अकादमीही उभी राहिली.

आणि आम्ही? आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आम्ही कधी एकाही गोंधळ्याला मुलांपुढे उभं केलं नाही. त्याला सुपात धान्य घातलं, पण त्याला कुणी ‘नट’ म्हटलं नाही. त्यात जातीचा भाग होता, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही अभिनय शिकायला पुण्याच्या पुस्तकांकडे डोळे लावून बसलो होतो, आणि संबळ दारात वाजत होता.

उशिरा उघडलेला पडदा

आपल्याकडे नागर रंगभूमी उशिरा रुजली, त्याला इतिहासाचं कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिक्षण आणि कारभाराची भाषा उर्दू. मराठी शाळा मोजक्या. सभासंमेलनांना परवानगीची सक्ती. चार माणसं जमवायची तरी विचार करावा लागे, तिथे नाटक कंपनी उभी करायची कुणी? तेव्हा आमच्याच जिल्ह्यात असलेल्या सातोन्याचे बी. रघुनाथ यांच्यासारखा कवी-कादंबरीकार सरकारी नोकरीत राहून मराठीत लिहीत राहिला, हीच त्या काळात मोठी गोष्ट. १९५३ साली, जेमतेम चाळिशीत ते गेले.

पण या राजवटीने नकळत आम्हाला एक गोष्ट दिली. परभणीच्या कानावर दखनी, उर्दू आणि मराठी एकाच वेळी पडत राहिल्या. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात फिरलात तर पाच मिनिटांत तीन ढंगांचं बोलणं ऐकू येतं. नटाच्या कानाला याहून चांगला खुराक कोणता?

१९५४ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. मराठवाडा १९५६ मध्ये त्या राज्यात आला, आणि हौशी मंडळींना वर्षाचं एक निमित्त मिळालं. दिवसा तलाठी, कारकून, मास्तर, रात्री तालीम. तीच आमची शाळा. पुढे परभणीही या स्पर्धेचं प्राथमिक फेरीचं केंद्र झालं.

माइकपुढची शाळा

१९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, ही आमच्या दृष्टीने फार मोठी घटना होती. १३०५ किलोहर्ट्झवर आमच्याच गावातली माणसं बोलू लागली. तोवर रेडिओवरचा अभिनय म्हणजे मुंबई केंद्राची ‘पुन्हा प्रपंच’. टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत घराघरांतले झाले होते. आता आपणही श्रुतिकेत काम करू शकतो, ही कल्पनाच अंगावर रोमांच आणणारी होती.

मी स्वरचाचणी दिली ती रंगमंचावरच्या थाटात. पहिल्याच वाक्याला काचेपलीकडचे गृहस्थ दचकले. ते बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, “अहो, शेवटच्या रांगेतला माणूस इथे तुमच्या ओठांपासून वीतभर अंतरावर बसलाय. त्याच्याशी बोला.”

अभिनयाचा इतका नेमका धडा मला कुणी दिला नाही. माइकपुढे चेहरा नाही, हात नाहीत, कपडे नाहीत. चारातले दोन अभिनय काढून घेतलेले. सगळं श्वासावर. माणूस वाक्याआधी श्वास कसा घेतो, त्यावरून तो खोटं बोलणार की खरं, हे ऐकणाऱ्याला कळतं. लांबून हाक मारायची तर ओरडायचं नाही, मान वळवायची किंवा एक पाऊल मागे जायचं. संहितेची पानं टाचायची नाहीत. सुटी ठेवायची आणि वाचून झालेलं पान आवाज न करता बाजूला सरकवायचं. एकदा माझ्या हातून पान निसटलं आणि शेवटची चार वाक्यं मी आठवेल तशी बोललो. नंतर सगळे म्हणाले, तीच चार वाक्यं सगळ्यात चांगली झाली! त्या दिवशी मला विष्णुदास भाव्यांचे नट आठवले.

‘उच्चार ग्रामीण’

आता एक अवघड गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकात एका स्पर्धेत मी शेतकऱ्याची भूमिका केली. परीक्षकांनी शेरा दिला, ‘अभिनय चांगला, पण उच्चार ग्रामीण.’ शेतकऱ्याचे उच्चार ग्रामीण नसतील तर कसले असतील, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती. मी घरी आलो आणि स्वतःची जीभ घासायला लागलो. ‘मी जेवायलो’चं ‘मी जेवतोय’ केलं. ‘काय करायलास’चं ‘काय करतोयस’ केलं. वर्षभरात मी असा बोलू लागलो की आईने विचारलं, “पाव्हण्यावानी काय बोलायलास रे?”

इथवर दोष दुसऱ्याचा. पुढचा माझा आहे. मी शिक्षक झालो आणि तोच शेरा मुलांना देऊ लागलो. नववीतला एक मुलगा होता. विलक्षण ताकदीचा. त्याला मी प्रत्येक तालमीत अडवायचो. ‘न’ नाही ‘ण’ म्हण, ‘हाय’ नाही ‘आहे’ म्हण. त्याचं सगळं लक्ष जिभेकडे लागलं, आणि अंगातला माणूस निघून गेला. प्रयोगाच्या आठवडाभर आधी तो म्हणाला, “सर, माझ्यानं होत नाही.” पुन्हा तो रंगमंचावर चढला नाही. पुढे त्याचं दुकान झालं, बरं चाललं. भेटला की वाकून नमस्कार करायचा. तो नमस्कार घेताना मला नेहमीच कसंतरी व्हायचं.

स्पष्ट उच्चार नटाला हवेतच. प्रमाण मराठीही यायलाच हवी, कारण नटाला न्यायाधीशही करायचा असतो आणि राजाही. पण स्वतःची बोली पुसून ती शिकायची नसते. शेजारी आणखी एक खोली बांधायची असते, राहतं घर पाडायचं नसतं. हे मला उशिरा कळलं. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी ढंग पडद्यावर नेला आणि सारा महाराष्ट्र खळखळून हसला. २०१६ साली ‘सैराट’ आला. अकलूजची शाळकरी मुलगी, अभिनयाचं कुठलंही रीतसर शिक्षण नाही, आपल्या भागाची बोली बोलत पडद्यावर आली आणि तिच्या तोंडची वाक्यं मुंबईपुण्याची पोरं घोकू लागली. ते पाहताना मला आनंद झाला, आणि तो नववीतला मुलगाही आठवला.

त्या वडिलांना उत्तर

मग रीतसर शिक्षणाला अर्थ नाही का? आहे, आणि मोठा आहे. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात तिथे जी शिस्त लावली, तिच्यातून देशाला नटांची एक फळी मिळाली. तिथेच शिकलेले कमलाकर सोनटक्के तेव्हाच्या औरंगाबादेत आले आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाला आकार आला. आमच्या भागातल्या मुलांना पहिल्यांदा समजलं की प्रकाशयोजना, देहबोली, नाटकाचं वाचन हे अभ्यासाचे विषय असतात. औरंगाबादच्याच ‘जिगीषा’ची तरुण मंडळी पुढे मुंबईत गेली आणि १९९१ साली ‘चारचौघी’सारखं नाटक उभं राहिलं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, फिल्म इन्स्टिट्यूटमधला मध्यंतरी बंद पडलेला अभिनयाचा अभ्यासक्रमही पुन्हा सुरू झाला आहे. परभणीच्या संकर्षण कऱ्हाडेंसारखा कलावंत आज नाटकात आणि मालिकांत उभा आहे.

ते गृहस्थ गेल्या रविवारी पुन्हा आले. मी त्यांना सांगितलं ते असं. “दादा, कापूस विकून फी भरू नका. अभिनय तीन महिन्यांत येतो असं जो सांगतो, त्याने गोंधळ्याच्या घरी तीन महिने राहून यावं. मुलाला आधी कॉलेजात घाला. पदवी होईपर्यंत युवक महोत्सव आहे, राज्य नाट्यस्पर्धेतला एखादा संघ आहे. तिथे झाडूसुद्धा मारू दे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचू दे. आठवड्यातून एकदा बाजारात नुसतं बसून माणसं पाहू दे. मग दिल्लीच्या शाळेचा, विद्यापीठाच्या विभागांचा अर्ज भरा. दिल्लीला जागा थोड्या असतात, पदवी लागते, नाटकाचा अनुभव लागतो. पण निवड झाली तर शिष्यवृत्ती मिळते, तुमचं शेत शाबूत राहतं.”

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याला हे आवडलं नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, “बरं, एक काम कर. आज सकाळपासून तू काय काय केलंस ते मला सांग.”

तो सुरुवातीला पुस्तकी बोलू लागला. मी म्हटलं, “तसं नको. घरी सांगतोस तसं सांग.” मग तो सुलला. पहाटे मोटार चालू करायला रानात गेला, लाइट गेली, शेजारचा चुलता बांधावरून भांडायला आला, ते सगळं त्याने उभं केलं. चुलत्याचा आवाज काढला, चुलत्याच्या बैलाचंसुद्धा तोंड केलं. वडील आधी हसले. मग गप्प होऊन पोराकडे बघतच राहिले. बहुधा त्यांनी आपल्या पोराला असं कधी पाहिलंच नव्हतं.

निघताना ते म्हणाले, “सर, मग तुम्हीच शिकवा की ह्याला.” मी हो म्हटलंय. संध्याकाळी सहाला येतो. त्याचं ‘करायलो’ आणि ‘हाय’ मी अजून एकदाही दुरुस्त केलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याला एका गोंधळ्यांच्या घरी घेऊन जाणार आहे. त्या घरातले म्हातारेबाबा विचारत होते, “पोरगं दिवटी धरील का?”

मी सांगितलं, धरील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)